मानपूरच्या प्याऊवरची म्हातारी

नाना, मानपूरच्या प्याऊवरची तुमची म्हातारी या थंडीत मी पुन्हा पाहिली, आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला बोलताना ऐकलेलं माणूस आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, आणि मीही ऐंशीच्या पलीकडे गेले. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, म्हणून अक्षर असं, कोंबडीचे पाय. त्याची लाज वाटण्याचं वय गेलं. लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे. ती ज्याला सांगावी असं जिवंत माणूस घरात सापडेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

ती म्हातारी म्हणजे मानपूरच्या सेठची आई. तुम्ही तिचा छातीपर्यंतचा पुतळा केलात, ब्राँझमध्ये ओतून आणलात, आणि सेठनं तो आग्रा-मुंबई रस्त्यावर आपल्या धर्मशाळेच्या दारात, वाटसरूंना पाणी पाजायच्या प्याऊशेजारी बसवला. महेश्वरला जाताना आमची बस तिथेच थांबायची. लग्नानंतर कितीदा गेलो असू. मी तिथं पाणी प्यायले, शेव-परमल खाल्ले, थोरल्याचं ढुंगण धुतलं आणि त्याचा ओला लंगोट त्या म्हातारीच्या खांद्यावर वाळत घातला. धातू उन्हानं तापलेला, लंगोट चटकन वाळायचा. आमचे हे म्हणाले, ‘‘अगं, तुझ्या वडिलांचं काम आहे ना ते?’’ मी म्हटलं, ‘‘माझ्या वडिलांना दुसऱ्यांच्याच आया जमतात. एक लंगोट सांभाळला तर काही झिजणार नाही ती.’’ हे हसले. मीही हसले.

तुम्हाला आता मोठे दिवस आलेत, बरं का. कला महाविद्यालयातली एक मुलगी येते आमच्याकडे, शिकते की शिकवते मला अजून कळलं नाही, केस पोरासारखे कापलेले, पण चहा पिऊन कप विसळून ठेवते. तुमच्या कामाचं प्रदर्शन भरवतायत इथे. तिनं मला मोबाइलसमोर बसवलं आणि म्हणाली, ‘‘आजीजी, बस जे आठवेल ते बोला.’’ मी बोलले. दरबारातल्या कारकुनाचा मुलगा, कोळशानं लोकांच्या भिंती काळ्या करायचा म्हणून मार खाल्लेला. शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांनी बापाच्या हातापाया पडून मुंबईला पाठवला, तिथून रंग आणि माती दोन्ही शिकून आला. राजघराण्यातल्या लोकांची पोर्ट्रेटं केली, घोड्यांचीसुद्धा केली. रियासत गेली तशी पोर्ट्रेटंही गेली. मग राहिली शाळेतली ड्रॉइंग मास्तरकी, चौकातले पुढारी, आणि सेठ लोकांचे मेलेले आईबाप.

‘‘आणि स्वतःसाठी काय करायचे?’’ तिनं विचारलं. मी म्हटलं, नदीवर जाऊन बसायचे. आठवतं ना, राजघराण्याच्या समाध्यांवरच्या छत्र्यांमागे घाटावर स्टूल टाकून तुम्ही बसायचात आणि मी रंगाची पेटी धरून उभी. मागे गर्दी. एकदा एक धोबी बराच वेळ बघून म्हणाला, ‘‘मास्टरसाब, पानी कभी बैंगनी होता है क्या?’’ तुम्ही मागे न बघता म्हणालात, ‘‘शाम को देखना, भिया.’’ तो म्हणाला, ‘‘शाम को तो मैं घर जाता हूँ.’’ सगळा घाट हसला, आणि सगळ्यांत जास्त तुम्ही. तसं हसताना मी तुम्हाला घरात पाहिलं नाही. घरात तुम्ही मागच्या अंगणात सिमेंटच्या त्या बायका करायचात, वाकलेल्या, बसलेल्या, पाटा-वरवंट्यासारख्या गुळगुळीत. डोळे नाहीत, नाक नाही. मोहल्ल्यातली पोरं अंगणात चेंडू गेला तर आणायला यायची नाहीत. त्या मुलीच्या तर डोळ्यांत पाणीच आलं त्या बघून. ‘‘आजीजी, हे किती आधीचं मॉडर्न आहे! चेहरा काढला आणि फक्त आकार ठेवला. तेव्हा इंदौरमध्ये हे करत कोण होतं?’’ मी म्हटलं, ‘‘करत कुणी नव्हतं आणि घेत पण कुणी नव्हतं.’’

मग तिनं मला विचारलं, ‘‘तुमच्या आईचं एखादं पोर्ट्रेट आहे का?’’ माझं उत्तर तयारच होतं, सत्तर वर्षं धार लावून ठेवलेलं. ‘‘एकसुद्धा नाही. साऱ्या माळव्याच्या आया केल्या त्यांनी, माझ्या आईला त्यांच्याकडे वेळ नव्हता.’’ असं तोडून बोललं की मला बरं वाटतं, तुम्हाला माहीत आहे. तिला ते वाक्य इतकं आवडलं की प्रदर्शनाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावायचं ठरलं. तिनं ते सगळं मोबाइलवर पाठवलं, नातीनं वाचून दाखवलं. माझं वाक्य, आणि खाली ‘कलावंताची कन्या’. चार दिवस मी अगदी फुशारकीत होते.

आई गेली तेव्हा मी पाच-सहा वर्षांची. बाळंतपणात गेली, बाळासकट. मागे तिचा फोटो नव्हता, आणि का नव्हता ते ऐकून बाहेरचं माणूस कपाळाला हात लावेल. घरात चित्रकार आहे तर फोटोवाल्याकडे कशाला जायचं, असं सगळ्यांनी धरलं होतं. चित्र काय, केव्हाही होईल. आज दरबारचं काम आहे, उद्या बसवू. उद्या ती न्हायला बसलीय, परवा बसवू. हे मला आत्यानं सांगितलं, आणि मी ते गाठीला बांधून ठेवलं, तुमच्याविरुद्ध वापरायला.

पुढच्याच दोन-तीन वर्षांत चुलीपुढे मी. पोळी लाटायला बुडाखाली दोन पाट घ्यावे लागायचे एवढी मी. तुमच्या ब्रशांचं टर्पेंटाइन आणि माझी फोडणी, घरभर एकच वास. तुम्ही शाळेतून यायचात आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून माझ्याकडे बघत राहायचात. मला वाटायचं, पोळ्या कशा करते ते तपासताय.

‘‘मान जरा खाली कर,’’ तुम्ही म्हणायचात. ‘‘हां. अशीच राहा.’’

‘‘नाना, पोळी जळतेय.’’

‘‘जळू दे.’’

आणि मग जळकी पोळी तुम्हीच मुकाट्यानं खायचात. पलीकडच्या खोलीत चित्राच्या लाकडी घोडीवर एक कॅनव्हास असायचा, कायम सुरीनं खरवडलेला. कुणाचं चित्र म्हणून विचारलं की तुम्ही म्हणायचात, कुणाचं नाही.

त्या सुमाराला सेठ आला, दोन भाऊ आणि एक बहीण घेऊन. त्यांची आई गेली होती. फोटोनं उमर घटते म्हणून बाईनं कधी काढू दिला नव्हता, आणि घुंघट तर सख्ख्या दिरापुढेही वर केला नव्हता. असली कामं तुमच्याकडे यायची, आणि ती करायची तुमची एक पद्धत होती. तुम्ही मातीचं नुसतं डोकं करून ठेवायचात, अंड्यासारखं, आणि घरच्यांना समोर बसवून भांडू द्यायचात. ते बोलतील तसा तुमचा अंगठा चालायचा. मी गोणपाटावर बसून मातीतले खडे वेचत ऐकायची.

‘‘नाक सीधी थी माँ की.’’

‘‘सीधी कहाँ थी? तोते जैसी थी. बाबूजी चिढ़ाते नहीं थे क्या?’’

‘‘तू तो ससुराल में थी, तूने क्या देखा!’’

‘‘तुमने दुकान देखी, भाईसाब. माँ तो हमने देखी.’’

किती वेळा आले आणि भांडून गेले. दर वेळी गाडीत बसताना सेठ तोंड पाडून म्हणायचा, ‘‘मास्टरसाब, है तो अच्छी, पर ये हमारी माँ नहीं है.’’ शेवटी तुम्ही त्यांना म्हणालात, आता काही दिवस येऊ नका, मला एकट्याला करू द्या. तुम्ही शाळेत गेलात की मातीवरचं फडकं ओलं करायचं काम माझ्याकडे होतं, नाहीतर माती तडकते. एके दिवशी फडकं काढलं तर आत एक म्हातारी बसलेली, सुरकुत्यांसकट. मला काही विशेष वाटलं नाही. म्हाताऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात त्या वयात. फक्त तिच्या एका कानाच्या वरच्या काठाला बारीक भोक दिसलं. मला वाटलं, हवा राहून फोड फुटला असेल. मी बोट ओलं केलं आणि नीट बुजवलं, वरून गुळगुळीत केलं. शाबासकी मिळेल म्हणून तुम्ही आल्या आल्या सांगितलं.

तुम्ही मला आयुष्यात कधी मारलं नाहीत. त्या दिवशी हात उगारलात. ‘‘कोणी सांगितलं हात लावायला? कोणी सांगितलं?’’ तुमचा आवाज चिरकला. मग दाभण घेऊन तुम्ही ते भोक पुन्हा पाडलंत, इतकं हळू, जणू काही कान दुखेल. मी कोपऱ्यात रडत उभी होते. मनात म्हटलं, मारवाड्याच्या म्हातारीच्या कानासाठी माझ्यावर हात उचलतात.

नंतर सेठ मंडळी आली. तुम्ही फडकं काढलंत आणि बहिणीनं एकदम पदर डोक्यावर ओढला, सासूबाई खोलीत आल्यासारखा. ‘‘आ गई,’’ एवढंच म्हणाली आणि खालीच बसली. सेठनं पगडी काढून पायरीवर ठेवली. तोता की सीधी, नाकाचा वाद कुणी काढला नाही. मला त्यांनी मावाबाटीचा पुडा दिला. तुम्ही मोरीवर गेलात आणि हात धूत राहिलात, हात स्वच्छ झाले तरी. मी म्हटलं, ‘‘नाना, मावाबाटी.’’ तुम्ही म्हणालात, तू खा. मी सगळी खाल्ली.

माझ्या लग्नात तुम्ही मला आईच्या बुगड्या घातल्यात. त्यासाठी कानाच्या वरच्या काठाला सोनाराकडून भोक पाडून घेतलं होतं, ते ठणकत होतं, आणि मी तशीही रागावलेलीच होते. चार पाहुण्यांत मी म्हटलं, ‘‘बुगड्या दिल्यात, आईचं चित्र दिलं असतंत तर जास्त शोभलं असतं.’’ मावशी दचकली. तुम्ही माझ्या कानाकडे बघत होतात. तोंडाकडेही नाही, कानाकडे. पुढे मरेपर्यंत त्याबद्दल काही बोलला नाहीत. मला वाटलं, बोलायला तोंड कुठे आहे. मी जिंकले असं मला वाटलं, नाना.

आता या थंडीचं सांगते. नातीच्या सासरकडचं लग्न होतं, आणि कार्यालय कुठलं, तर मानपूरची ती धर्मशाळा. तिचं आता मॅरेज गार्डन झालंय, दिव्यांची झाडं, प्लास्टिकचे हत्ती. प्याऊच्या जागी थंड पाण्याचं मशीन आहे. म्हातारी तिथेच आहे. दर दिवाळीला तिला सोनेरी पेंट मारतात, त्यामुळे चमकते पेढ्याच्या वर्खासारखी. मी खुर्ची शोधत होते तेवढ्यात नात ओरडली, ‘‘आजी, इकडे ये! इधर खड़ी हो. नाही, चेहरा असा कर. शपथ, ही तर तूच आहेस यार!’’ आणि तिनं फोटो काढून मला दाखवला. एक सोनेरी म्हातारी, एक सुती साडीतली. तोच ओठ, एका बाजूला जरा खाली आलेला. तीच हनुवटी. मी म्हटलं, ‘‘गप गं. म्हाताऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात.’’

पण सेठच्या घरची थोरली सून तिथेच बसली होती, माझ्याच वयाची, गुडघ्यांना पट्टे बांधलेली. ती काठी टेकत आली, माझ्याकडे बघितलं, पुतळ्याकडे बघितलं आणि हात जोडून हसली. ‘‘अरे माजी, आप तो हमारी दादी-सास लगो हो! आओ, हार आपके हाथ से.’’ त्यांच्याकडे रीत आहे, कुणाचंही लग्न असो, पहिला हार आणि पहिलं ताट त्या म्हातारीला. मला हार घालायला लावला. हार घालायला हात वर केला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तिचा कान आला. पेंट जाड बसला होता. आणि मला एकदम तुमचं दाभण आठवलं.

मी काय केलं, सांगू? केसांतला आकडा काढला आणि हार नीट करण्याचं सोंग करून कानाच्या वरच्या काठाचा पेंट खरवडायला लागले. सेठची सून म्हणाली, ‘‘क्या कर रही हो माजी?’’ मी म्हटलं, ‘‘कचरा था.’’ एक टवका पडला. आकडा आत गेला. तुमचं भोक तिथेच होतं. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, तुमच्या दादी-सास कानात वर काही घालायच्या का. ती खळखळून हसली. ‘‘वो? वो तो कान छिदाने से ऐसी डरती थीं कि नीचे वाला भी बड़ी मुश्किल से छिदा. पूरे खानदान में किस्सा है.’’ मग तिनं माझ्या हातात पहिल्या ताटातली जलेबी ठेवली, प्रसाद म्हणून. मी आईपुढे उभं राहून आईचाच प्रसाद खाल्ला, आणि म्हटलं, ‘‘बहुत अच्छी है जलेबी.’’

बुगडीचं भोक ते, नाना. तिशीही न पाहिलेल्या बाईला तुम्ही सत्तरीपर्यंत नेलंत, गाल उतरवलेत, डोळ्यांखाली पिशव्या दिल्यात, आणि सेठची आई म्हणून रस्त्यावर बसवून दिलीत. आणि मी तिच्या खांद्यावर लंगोट वाळवले.

घरी आल्यावर मी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, ती भिंतीवरची ओळ काढ. ‘‘आजीजी, वो लाइन तो सबसे कमाल आहे! का काढायची?’’ म्हटलं, चूक आहे ते. तिनं हळूच विचारलं, ‘‘म्हणजे पोर्ट्रेट आहे? कुठे आहे, आजीजी?’’ मी म्हटलं, ‘‘कुकरची शिट्टी झाली बाई,’’ आणि फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. ओळ काढते असा निरोप आला तिचा. पण ती दोनदा येऊन गेली आणि दोन्ही वेळा मी झोपल्याचं सांगायला लावलं.

नातीला मी म्हटलं, त्या लोकांची आई मी कशी काढून घेऊ, तीन पिढ्या पहिलं ताट वाढतायत ते तिला. नात म्हणाली, ‘‘आजी, तू किती ग्रेट आहेस.’’ तेव्हा मला खरी लाज वाटली. कारण ते खोटं आहे. त्या लोकांचा विचार मी नंतर केला. आधी मला दिसलं ते एवढंच, की मी सांगितलं तर ती मुलगी मोबाइल समोर धरून विचारणार, आजीजी, तुम्ही ओळखलं कसं? चेहऱ्यावरून? आणि मला सांगावं लागणार की चेहऱ्यावरून नाही. चेहरा मला ठाऊकच नाही. मला आई आठवत नाही, नाना. जन्मभर सगळ्यांना सांगत आले की लख्ख आठवते, गोरी, सरळ नाकाची, शांत. ते मी वाण्याच्या कॅलेंडरवरच्या लक्ष्मीवरून उचललं होतं. मला तिचा कान आठवतो फक्त. तिच्या कुशीत झोपताना मी बुगडीशी खेळायचे, ती ‘‘सोड गं, दुखतं’’ म्हणायची. त्या एका कानाच्या जोरावर मी तुम्हाला मरेपर्यंत बोलले.

आणि आता माझ्या मनात येऊ नये ते येतं. तुम्ही दारात उभं राहून मला मान खाली करायला सांगायचात ते कशासाठी? खरवडलेल्या त्या कॅनव्हासवर काय उमटत नव्हतं? अंगणातल्या त्या बायकांना चेहरे का नव्हते, ती मुलगी सांगते त्यासाठी की दुसऱ्याच कशासाठी? तुम्हाला तरी ती आठवत होती का नाना, की तुम्हीही माझ्याकडेच बघून केलीत? तसं असेल तर एका घरात आपण दोघंही तिला विसरून बसलो होतो, एकमेकांना न सांगता, आणि दोघांना खात्रीनं ठाऊक होतं ते एवढं एक भोक. ते मी बुजवलं आणि तुम्ही परत पाडलंत. तेव्हा तरी सांगायचंत. मी लहान होते पण मूर्ख नव्हते.

हे कुठे पाठवायचं नाहीये. नात आली की माझी गादी झटकते, म्हणून तिथेही ठेवता येणार नाही. फाडून टाकीन.

काल सगळे बाहेर गेले होते तेव्हा मी आईच्या बुगड्या काढल्या आणि बेसिनच्या आरशासमोर उभी राहिले. घालता आल्या नाहीत. तुमच्यावरच्या रागानं लग्नानंतर कधी घातल्याच नव्हत्या, वरचं भोक केव्हाच बुजलंय. मग एक बुगडी बोटानं कानावर धरून ठेवली, आणि मान जरा खाली केली. तुम्ही दारातून सांगायचात तशी.